रिसॉर्टमधल्या ओळखी आणि तालुक्याचं कोर्ट

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्यात महिला वकिलांचं दोन दिवसांचं संमेलन होतं. संघटना कोणती आणि रिसॉर्ट कोणतं हे सांगत नाही, कारण तक्रार एका संघटनेची नाही. असे कार्यक्रम आता नेहमीचे झाले आहेत. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून सोयीचं म्हणून लोणावळा निवडतात. बाहेर धुकं, भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, आत एसी हॉल, गळ्यात ओळखपत्रं आणि टेबलावर चिक्कीचं पाकीट.

पहिलंच सत्र परिचयाचं होतं. प्रत्येकीने उभं राहून नाव, प्रॅक्टिसचं ठिकाण आणि कामाचा विषय सांगायचा. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "मी मावळात राहते. जिल्ह्यातल्या दोन-तीन कोर्टांत काम करते. दिवाणी दावे, जमिनीचे वाद, चेक बाऊन्सच्या केसेस." चहाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ वकीलबाई आपणहून माझ्याकडे आल्या. हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. आमच्याकडे मुस्लीम तलाकची एखादी केस आली की कुणाला द्यायची हा प्रश्नच असतो. आता तुमच्याकडे पाठवेन."

मी हसून कार्ड दिलं. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट आपुलकीच होती. पण मी सांगितलेले तीन विषय त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नव्हते. पोचलं होतं फक्त माझं नाव.

त्याच दुपारी एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. तिला मी या संमेलनाबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, "आपा, फी चार हजार आहे. सर महिन्याला पाच हजार देतात. आणि अब्बांनी सांगितलंय, कोर्टात जा, पण रात्री रिसॉर्टवर राहायचं नाही." यावर मी काय बोलणार होते? संध्याकाळी गझलांचा कार्यक्रम आणि पार्टी होती. माझ्या मगरिबची वेळ झाली होती आणि घरी सासूबाई एकट्या होत्या. मी निघाले. निघताना पाहिलं, दिवसभर व्याख्यानं ऐकून कंटाळलेल्या बायका आता कुठे मोकळ्या होऊन एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. फोन नंबर तेव्हाच दिले-घेतले जात होते. खरं नेटवर्किंग सुरू होत होतं आणि मी लोकलच्या डब्यात होते.

लोणावळ्याहून वडगावला जाताना मळवली, कामशेत, कान्हे ही तीनच स्टेशनं लागतात. चौथं वडगाव, म्हणजे मावळ तालुक्याचं मुख्य गाव. तहसील तिथे, तालुक्याचं न्यायालय तिथे. ज्या तालुक्यात हे संमेलन भरलं होतं, त्या तालुक्यात रोज काळा कोट घालून उभी राहणारी दुसरी मुलगी मला त्या हॉलमध्ये दिसली नव्हती. तेव्हापासून डोक्यात असलेली गोष्ट आज लिहिते आहे.

जाहिरात करायची नाही, मग काम येणार कुठून?

सुरुवातीलाच सांगते, महिला वकिलांच्या अशा कार्यक्रमांना माझा विरोध नाही. "काय त्या बायकांच्या पिकनिका" म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. कार्यक्रम हवेतच, आहेत त्यापेक्षा जास्त हवेत. त्याचं कारण वकिली व्यवसायाच्या बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं.

वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 36 क्रमांकाचा नियम तशी मनाई करतो. दुकानदार पाटी, पत्रक, फलक लावून गिऱ्हाईक बोलावू शकतो. वकिलाच्या पाटीचा आकारसुद्धा माफक असावा असं नियम सांगतो. वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचा विषय एवढीच माहिती चालते. नियमामागचा विचार चांगला आहे, न्याय ही बाजारातली वस्तू होऊ नये. पण परिणाम असा होतो की काम मिळण्याचा एकच रस्ता उरतो, ओळख. कुणीतरी कुणाला तरी सांगतं, "त्या वकिलाकडे जा." ज्याचं नाव तोंडात येतं त्याला काम मिळतं.

पुरुष वकिलांचं नाव तोंडात कसं येतं ते मी रोज बघते. कोर्टासमोरच्या टपरीवर, बार रूममधल्या कॅरमवर, वकिलांच्या क्रिकेट स्पर्धेत, सीनिअरच्या गाडीतून जिल्हा कोर्टात जाताना, आणि संध्याकाळी 'बसताना'. याला कुणी नेटवर्किंग म्हणत नाही. त्याची फी नसते, बॅनर नसतो, उद्घाटन नसतं. ते आयुष्याचा भाग आहे. टपरीवर पोलीस हवालदार असतो, बँकेचा वसुली अधिकारी असतो, जमिनीचा एजंट असतो, गावचा सरपंच असतो. त्या एका चहात तीन केसेस ठरतात. बाई टपरीवर उभी राहिली तर पहिल्या दिवशी लोक बघतात, दुसऱ्या दिवशी बोलतात. डोक्यावर स्कार्फ असलेली बाई उभी राहिली तर तिसऱ्या दिवशी घरापर्यंत निरोप पोचतो.

म्हणून बायकांना ओळखीची जागा ठरवून तयार करावी लागते. पुरुषांना जी जागा आपोआप मिळते, तिच्यासाठी आम्हाला हॉल बुक करावा लागतो. या कार्यक्रमांची गरज इथून सुरू होते.

एकटीला दार उघडत नाही

वकिलीचा इतिहासही हेच सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी 1866 मध्ये नाशिकला जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. पुढे ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला 1922 उजाडावं लागलं, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळात हुशारी होती, ज्ञान होतं, पण कोर्टात वकील म्हणून उभं राहायचा हक्क नव्हता. रेजिना गुहा यांना 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नकार दिला. सुधांशुबाला हाजरा यांना 1921 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने नकार दिला. दोन्हीकडे तर्क एकच होता, कायद्यातल्या 'व्यक्ती'त बाई बसत नाही. अलाहाबादने 1921 मध्ये कॉर्नेलियांची नोंद केली आणि 1923 मध्ये कायदा करून बायकांवरची बंदी उठवावी लागली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात मिठन लाम उभ्या राहिल्या.

एकेकटी हुशार बाई दार ठोठावते तेव्हा तिला नियम दाखवला जातो. चार जणी एकापाठोपाठ ठोठावतात तेव्हा नियम बदलतो. हे आजही खरं आहे.

26 सप्टेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या महिला वकिलांनी नव्या न्यायाधीशांचा सत्कार ठेवला होता. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एकाच वेळी तीन महिला न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात आल्या होत्या. वरवर पाहता तो शाल-श्रीफळाचाच कार्यक्रम. पण त्याच व्यासपीठावरून तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा म्हणाले की देशातल्या सतरा लाख वकिलांमध्ये बायका फक्त 15 टक्के आहेत, राज्यांच्या बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत त्या 2 टक्केच आहेत, आणि न्यायव्यवस्थेतली निम्मी जागा हा बायकांचा हक्क आहे, दान नाही. हे आकडे त्याआधी कुणाला माहीत नव्हते असं नाही. पण बायकांनी बोलावलेल्या सभेत, बायकांसमोर ते मोठ्याने बोलले गेले आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. 2 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवायला सांगितलं. सत्काराच्या कार्यक्रमामुळेच हा आदेश आला असं मी म्हणणार नाही. पण एकत्र जमणाऱ्या बायका नसत्या तर तो विषय टेबलावर आला नसता, एवढं नक्की.

आणखी एक ताजं उदाहरण आपल्या राज्यातलं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. एका महिला वकील संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली की बार कौन्सिलमध्येही वकील महिलांसाठी कायमची तक्रार समिती असावी. 2025 च्या जुलैमध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही. बार कौन्सिल ही वकिलाची मालक नाही, वकील तिचा नोकर नाही, म्हणून हा कायदा तिथे लागू होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. वकिलाच्या गैरवर्तनाविरुद्ध अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली तक्रार करता येते, हा मार्ग उरतो. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध असेलही. पण सीनिअरच्या केबिनमध्ये बसणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीसाठी याचा अर्थ काय होतो? तिला एचआर नाही, ऑफिस नाही, समिती नाही. काही घडलं तर ती फोन कुणाला करणार? तिच्या फोनमध्ये एखाद्या अनुभवी वकीलबाईचा नंबर असणं हीच तिची समिती. कार्ड देण्या-घेण्याची किंमत अशा वेळी कळते.

दस्त होतो तेव्हा तिच्या बाजूला कोण बसतं?

आता मावळाकडे येते. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ. इथल्या भातखाचरांची किंमत एक्स्प्रेस वे आल्यापासून बदलत गेली. सेकंड होम, फार्महाऊस, रिसॉर्ट, तळेगावची एमआयडीसी. ज्या डोंगरउतारावर पूर्वी फक्त गवत निघायचं त्याला आता गुंठ्याचा भाव आहे. जमिनीला भाव आला की सातबाऱ्यावरच्या नावांना भाव येतो, आणि मग बहिणीची आठवण होते. इतकी वर्षं नसलेली आठवण अचानक येते, कारण हक्कसोडपत्रावर तिची सही लागते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर कधी तासभर थांबून बघा. भाऊ गाडीतून बहिणीला घेऊन येतो. वाटेत साडी किंवा ड्रेस घेतलेला असतो. आत अंगठा, फोटो, सही. पाच मिनिटांचं काम. तिने काय सोडलं हे तिला अनेकदा घरी गेल्यावर, कधी कधी दहा वर्षांनी कळतं. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये दिला. कागदावर दिला. गाडीतून उतरणाऱ्या त्या बहिणीला विचारा, मिळाला का.

आणि आमच्या घरातलं? आम्ही मुसलमान भाषणात अभिमानाने सांगतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वारसा दिला. खरंच दिला. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तो निम्मा का, यावर वाद घालणारे खूप आहेत. मला त्याआधीचा प्रश्न पडतो. तो निम्मा तरी कुणाला मिळाला? एका बाईची केस माझ्याकडे आली होती. नाव-गाव सांगत नाही. तिचे वडील हयात असतानाच भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं. भाऊ म्हणाले, "लग्नात खर्च झाला तोच तुझा हिस्सा." मौलवीसाहेब म्हणाले, "बहिणीने माफ केलं तर सवाब आहे." माफ करायला आधी हिस्सा हातात तर पाहिजे! तिला कुणीच सांगितलं नव्हतं की मुस्लीम कायद्यात माणूस जिवंत असताना त्याच्या वारसाला हक्कच निर्माण होत नाही. जो हक्क अजून जन्मलेला नाही तो सोडता येत नाही. मोबदला घेतला असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. तिला मोबदला म्हणून मिळाला होता एक ड्रेस. शिवाय 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न वगळून ठेवलेला असल्याने शेतीच्या दाव्यात वकिलाला आणखी एक पायरी चढावी लागते. हे सगळं माहीत असलेला वकील तिला सही करण्याआधी भेटला असता, तर पुढचे कज्जे झालेच नसते.

इथे पुन्हा कॉर्नेलिया आठवतात. 1904 पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांसाठी काम केलं. या बायका पुरुष वकिलाला भेटू शकत नव्हत्या, आणि त्यांच्या नावावरच्या मिळकती दुसरेच लोक खात होते. पडदानशीन बाईने केलेल्या दस्ताबाबत आपल्या कायद्यात जुनं तत्त्व आहे. दस्त तिला समजावून सांगितला होता आणि तो समजून तिने सही केली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर असते. पडदा आता पूर्वीसारखा राहिला नाही. पण समजावून सांगणारं कुणी शेजारी नसणं तसंच राहिलं आहे, बुरख्यातल्या बाईचंही आणि नऊवारीतल्या बाईचंही.

1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत विधी सेवा मिळते. तिचं उत्पन्न किती हे त्यासाठी बघितलं जात नाही. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे, 15100 हा फोन नंबर आहे. पण गावातली बाई नंबर फिरवण्याआधी विचारते, "तिथे बाई वकील आहे का?" तालुक्यात बाई वकील टिकली तर या प्रश्नाला उत्तर मिळेल. ती टिकणार कशी, हा माझ्या लेखाचा विषय आहे. रिसॉर्टमधली ओळख आणि निबंधक कार्यालयाबाहेरची बहीण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिली दुसरीपर्यंत पोचत नाही, एवढाच माझा आक्षेप आहे.

आपल्या घरातलाही दोष

सगळा दोष संघटनांवर टाकून मोकळं होता येणार नाही. आमच्या समाजात आज मुली मोठ्या संख्येने कायदा शिकताहेत. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये कायद्याचं महाविद्यालय आहे, इतर महाविद्यालयांतही आमच्या मुली दिसतात. पण वर्गात दिसणाऱ्या मुली पाच वर्षांनी कोर्टात शोधल्या तर सापडत नाहीत. एलएलबी ही बायोडाटावरची एक ओळ होऊन बसते. स्थळ सांगून येतं तेव्हा सासरचे कौतुकाने म्हणतात, "वकील सून आहे." आणि लग्नानंतर त्याच तोंडाने, "कोर्टात जायची काय गरज? घरी बसून नोटरीचं बघ."

आम्ही फातिमा बीवींचं नाव अभिमानाने घेतो. 1989 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, आणि ती पहिली बाई मुसलमान होती. हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. पुढचं वाक्य मात्र सांगत नाही. त्यांच्यानंतर आजवर एकही मुस्लीम बाई त्या न्यायालयात न्यायाधीश झालेली नाही. फातिमा बीवींना कायद्याकडे वळवलं ते त्यांच्या वडिलांनी. आमच्यातल्या किती वडिलांनी मुलीला सनद मिळाल्यावर पहिली तीन वर्षं, जेव्हा कमाई जवळजवळ शून्य असते, तेव्हा सांभाळलं?

ती तीन वर्षंच कठीण असतात. सनदेची फी पूर्वी हजारोंच्या घरात होती. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेली 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही. चांगलं झालं. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस! सक्ती नाही. माझ्या ज्युनिअर मैत्रिणीला पाच हजार मिळतात हे वर सांगितलंच. मुलाला बाप म्हणतो, "थांब, नाव होईल." मुलीला म्हणतो, "एवढ्यासाठी रोज लोकलने जातेस?"

म्हणजे एका बाजूने समाज म्हणतो, कोर्टात जाऊ नको. दुसऱ्या बाजूने व्यवसाय म्हणतो, तलाकचं काम तेवढं तुझं. तलाक, खुला, पोटगी ही कामं कमी दर्जाची आहेत असं मी म्हणत नाही. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लीम बाईला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालीही पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलं. अशा निकालाचा फायदा बाईच्या हातात नेऊन द्यायला वकील लागतोच, आणि ते काम मी मनापासून करते. पण वकिलाला फक्त धर्माच्या नावावर काम मिळालं तर त्याचं घर चालत नाही. तालुक्याच्या कोर्टाची भाकरी म्हणजे बांधाचा वाद, मोजणी, वारसनोंद, चेक, अपघात. ते काम 'सगळ्यांच्या' वकिलाकडे जातं. मला त्या 'सगळ्यांच्या'मध्ये यायचं आहे.

बायकांचं वेगळं कशाला?

यावर नेहमीचा प्रश्न येतो. वकील म्हणजे वकील, त्यात बाई-पुरुष कशाला? माझ्याच काही मैत्रिणी म्हणतात, "आपण वेगळं जमलो तर वेगळ्याच राहू." यात तथ्य आहे. बायकांच्या व्यासपीठावर फक्त बायका भेटतात, आणि मोठ्या फीची कामं, सरकारी पॅनेल, बँकांची पॅनेल अजून बहुतेक पुरुषांच्या हातात आहेत. म्हणून मी बायकांच्या सभेला शिडी समजते, मुक्कामाचं ठिकाण समजत नाही. शिडीशिवाय वर जाता आलं असतं तर एवढी वर्षं लागली नसती. आणि पुरुष ज्या दिवशी टपरीवरची जागा अर्धी रिकामी करतील, त्या दिवशी आम्ही हॉलचं भाडं वाचवू.

दुसरा प्रश्न आमच्यातून येतो. मुस्लीम महिला वकिलांची वेगळी संघटना का काढत नाही? मला ते पटत नाही. तेच तलाकचं कार्ड आपणच आपल्या गळ्यात अडकवल्यासारखं होईल. मला त्याच हॉलमध्ये बसायचं आहे. फक्त तो हॉल माझ्या ज्युनिअरला परवडेल आणि पोचता येईल अशा जागी हवा.

मग काय करावं?

सोपं आहे. वर्षातून एकदा रिसॉर्टमध्ये जमायचं तर जमा, पण दोन महिन्यांतून एकदा तालुक्याच्या गावी या. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी दहाला सुरू करून एकला संपवा. रात्रीचा मुक्काम ठेवू नका. शाळेचा वर्ग चालेल. लोकलची वेळ बघून कार्यक्रम ठरवा, दुपारी या मार्गावर गाड्यांचा मोठा खंड असतो हे रोज जाणाऱ्याला विचारा. फी शंभर रुपये ठेवा. लहान मूल घेऊन यायला परवानगी द्या आणि त्याला खेळायला कोपरा ठेवा. भाषा मराठी असू द्या, कारण साक्षीदार मराठीत बोलतो आणि उलटतपासणी मराठीतच होते. नमाजला कुणी दहा मिनिटं उठली तर तिच्याकडे वळून बघू नका, एवढं पुरे.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटांत संपवा. उरलेला वेळ कामाला द्या. एक जण ई-फायलिंग दाखवेल, एक जण फेरफाराची नोटीस वाचायला शिकवेल, एक जण विधी सेवा समितीच्या पॅनेलचा अर्ज भरून घेईल. परिचय सत्र ठेवाच, पण नाव शेवटी सांगायला लावा. आधी विषय सांगायचा, मग एखादी केस, मग नाव. आणि नोंदवही ठेवा, कुणी कुणाला कोणतं काम पाठवलं त्याची. वर्षाअखेरीस ती वही मोठ्याने वाचा. किती जणी जमल्या, किती फोटो निघाले, यापेक्षा ती वही जास्त खरं सांगेल.

आम्ही हे छोट्या प्रमाणात सुरू केलंय. पहिल्या बैठकीला तळेगावात एकीच्या घरी सात जणी होतो, त्यात माझी ज्युनिअर होती. तिच्या अब्बांनी स्वतः तिला स्कूटरवर आणून सोडलं आणि बाहेर थांबले. घरच्या काकूंनी त्यांना आत बोलावून चहा दिला. पुढच्या वेळी ते थांबले नाहीत, "फोन कर, मग येतो" म्हणून गेले. त्या बैठकीतून तिला बांधाच्या एका दाव्यात दुसरी वकील म्हणून बसायला मिळालं. पक्षकार आंदर मावळातले शेतकरी आहेत. त्यांनी तिला पहिल्या दिवशी विचारलं, "बाई, तुम्हाला शेतातलं कळतं का?" ती म्हणाली, "नकाशा दाखवा." आता तारखेला ते तिच्याशीच बोलतात.

आणि लोणावळ्याच्या त्या ज्येष्ठ वकीलबाई? तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. एका मुस्लीम बाईचं तलाकचं प्रकरण होतं. मी घेतलं, कारण त्या बाईला वकिलाची गरज होती. फोन ठेवण्याआधी म्हटलं, "ताई, पुढच्या वेळी मोजणीचा वाद आला तरी माझ्याकडे पाठवा." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "अहो खरंच, तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं की. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

मोजणीचा वाद अजून आलेला नाही. मी वाट बघते आहे, आणि दर दोन महिन्यांनी त्यांना बैठकीचं निमंत्रण पाठवते आहे.